मदत हवी आहे: लोड बॅलन्सर आयपी पत्त्यावरून डोमेन नावावर नेताना जुन्या दुकानांची सोय कशी करावी?

नमस्कार. मी बडोद्यात औषधविक्रेत्यांसाठी बिलिंगची प्रणाली सांभाळतो. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी या भागांतील आणि पादरा, डभोई येथील मिळून १४० दुकाने रोज आमच्या सर्व्हरशी जोडलेली असतात. सर्व्हर अमेझॉनच्या क्लाउडवर मुंबई विभागात आहेत आणि त्यांच्यापुढे आम्हीच बसवलेला एचएप्रॉक्सी हा प्रोग्रॅम एका इलास्टिक आयपीवर (आमच्याकडे कायम राहणाऱ्या आयपी पत्त्यावर) गेली सात वर्षे लोड बॅलन्सरचे, म्हणजे वर्दळ सर्व्हरांमध्ये वाटण्याचे काम करत आहे. आता त्याच्या जागी अमेझॉनचा तयार ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर आणायचे ठरले आहे. त्याला कायमचा आयपी पत्ता नसतो. एक डीएनएस नाव (इंटरनेटच्या नावनोंदणीत शोधल्यावर पत्ता देणारे नाव) मिळते आणि त्या नावामागचे पत्ते वर्दळीनुसार बदलत राहतात.

दुकानांना मात्र आजवर केवळ आकडाच ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात मी दांडिया बाजारातील एका दुकानात गेलो, तेव्हा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर आमचा आयपी पत्ता बॉलपेनने, गुजराती अंकांत लिहिलेला दिसला. तो पुसट झाल्यावर कोणीतरी पुन्हा गिरवलाही होता. संगणक बदलला की तेवढा आकडा टाकायचा, हे तेथील काकांना पाठ आहे. आमच्या जुन्या आवृत्तीतील सेटिंगच्या खिडकीत पत्त्यासाठी चार छोटे चौकोन आहेत आणि त्यांत अंकांशिवाय काहीच टाइप होत नाही, म्हणजे नाव द्यायचे म्हटले तरी ते देता येत नाही. अशी जुनी आवृत्ती अजून ५५ दुकानांत चालू आहे.

नवी आवृत्ती नाव स्वीकारते. त्यासाठी आमच्या डोमेनखाली एक उपडोमेन काढले असून रूट ५३ या अमेझॉनच्या डीएनएस सेवेत ते अलियास (नाव थेट लोड बॅलन्सरला जोडणाऱ्या) नोंदीने लोड बॅलन्सरकडे वळवले आहे. मूळ डोमेनवर सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी) नोंद करता येत नाही, कारण तिथे आधीच एनएस (नेमसर्व्हर) आणि मेलच्या नोंदी असतात आणि सीनेमशेजारी दुसरी नोंद चालत नाही. म्हणून मूळ डोमेनला हात लावलेला नाही.

चाचणीत मात्र एक दोष आढळला. नावाचा टीटीएल (मिळालेला पत्ता किती वेळ वापरायचा ती मुदत) ६० सेकंदांचा असूनही काही दुकानांतील बिलिंग मध्येच अडकत होते आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला की सुरळीत होत होते. शोधल्यावर कळले, की आमचा जावा प्रोग्रॅम सिक्युरिटी मॅनेजरसह (प्रोग्रॅमवर मर्यादा घालणाऱ्या जावाच्या सोयीसह) चालतो आणि अशा वेळी जावा एकदा मिळालेला पत्ता कायमचा धरून ठेवते. नेटवर्क-ॲड्रेस-कॅश-टीटीएल हे मूल्य ३० सेकंद केल्यावर ही तक्रार पुन्हा आलेली नाही.

खरा प्रश्न त्या ५५ दुकानांचा आहे. त्यांच्यासाठी ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरच्या पुढे अमेझॉनचाच एक नेटवर्क लोड बॅलन्सर (हा कायमचा आयपी पत्ता घेऊ शकतो) उभा करून आमचा जुना इलास्टिक आयपी त्याला द्यावा, असा विचार आहे, कारण २०२१ पासून नेटवर्क लोड बॅलन्सरचे लक्ष्य म्हणून ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर देता येतो. परंतु त्यासाठी तो आयपी आधी एचएप्रॉक्सीवरून सोडवावा लागेल आणि नवा लोड बॅलन्सर तयार होईपर्यंतची काही मिनिटे त्या पत्त्यावर कोणीच उत्तर देणार नाही. बाकीची दुकाने रात्री बंद असतात, पण रुग्णालयासमोरची दोन दुकाने रात्रभर उघडी असतात आणि तिथे रात्री दोन वाजताही माणूस चिठ्ठी घेऊन उभा असतो. शिवाय नेटवर्क लोड बॅलन्सरला प्रत्येक झोनसाठी (विभागातील स्वतंत्र डेटा सेंटरांच्या गटासाठी) वेगळा इलास्टिक आयपी लागतो. जुन्या प्रोग्रॅमना एकच पत्ता माहीत असल्यामुळे त्यांची सारी वर्दळ एकाच झोनमधून जाईल आणि तो झोन बंद पडला तर दुसऱ्या झोनचा त्यांना उपयोग होणार नाही.

नेटवर्क लोड बॅलन्सरचा हा पूल फार काळ ठेवावा असेही मला वाटत नाही. जुनी आवृत्ती ८०८० पोर्टवर साध्या (कूटबद्ध नसलेल्या) एचटीटीपीने बोलते आणि शेड्यूल एच-१ मधील (ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते अशा) औषधांच्या नोंदीत रुग्णाचे नाव असते. ते उघड्यावरून जाणे मला मनापासून खटकते. प्रमाणपत्र उपडोमेनच्या नावाने घेतलेले असल्यामुळे आकड्याने येणाऱ्या प्रोग्रॅमला एचटीटीपीएस देण्याचीही सोय नाही.

ज्यांनी असे स्थलांतर केले आहे त्यांना विचारायचे आहे, की वापरात असलेला इलास्टिक आयपी नेटवर्क लोड बॅलन्सरकडे नेताना तुम्ही मधली मिनिटे कशी सांभाळलीत? की हा पूल न बांधता एचएप्रॉक्सी आहे तिथेच ठेवून, त्याच्या मागे नवा लोड बॅलन्सर नावाने जोडणे अधिक सुरक्षित ठरेल? तसे केल्यास एचएप्रॉक्सी सुरू होतानाच नावाचा पत्ता शोधून तोच धरून बसतो, हे मला माहीत आहे. त्यासाठी त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये रिझॉल्व्हर्सचा (नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरांचा) विभाग लिहून त्या नावाचा पत्ता ठरावीक अंतराने पुन्हा शोधून घेण्याचा प्रत्यक्ष अनुभव कोणाला असेल, तर कृपया वापरलेल्या मूल्यांसह लिहावे.