भूजल शिकवायचं तर बरणीत वाळू कशाला?

कातळवाट
शाळेतला ठरलेला प्रयोग: काचेच्या बरणीत वाळू भरा, वरून पाणी ओता, तळाशी साचलं की ते भूजल. तापी-पूर्णेच्या गाळपट्ट्यात ठीक आहे. पण राज्याचा 80 टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा. आपलं पाणी मुरमात नि कातळाच्या भेगांत असतं. म्हणून तर माझ्या विहिरीला उमाळे आणि चाळीस पावलांवरची शेजाऱ्याची विहीर कोरडी! पोरांना विहिरीवर न्या. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, ओल कुठून झिरपते ते दाखवा. दोरीला दगड बांधून पातळी मोजू द्या. भूजल सर्वेक्षणवाले ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे असं चारदा मोजतात, तसंच. 'जलधर' (पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर) हा शब्द मागाहून आला तरी चालेल.

उसाचं कांडं
बोअर मारतो बाप आणि 'पाणी वाचवा'चा फलक रंगवतं पोरगं. 2009 चा भूजल कायदा शेतीसाठी 60 मीटरच्या खाली जायला मनाई करतो, म्हणजे जेमतेम 200 फूट. आमच्या शिवारात बोअरची गाडी 700 फुटांवर थांबते, तीही पैसे संपले म्हणून. जागा दाखवायला तळहातावर नारळ घेतलेला पाणाडी. शिकवणी बापाची लावा.

ताळेबंद
हिवरे बाजार गावात तेच झालं की. पाऊस मोजायचा, पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडायचा आणि मग पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर बंद.

उसाचं कांडं
म्हणजे माझंच खरं! ठरवलं मोठ्यांनी. शाळेचा संबंध काय?

कातळवाट
हिशेब मांडायला आकडे लागतात दादा, आणि मोजायला कुणाला सवड आहे? आमच्या वर्गाच्या वहीत विहिरीचं पाणी ऑक्टोबरला 4 मीटर खोल, मार्चला 9. ती वही पाहून एका पालकाने विचारलं, "मधलं पाणी गेलं कुठं?" बोअर त्याने तरीही मारलाच, खोटं कशाला सांगू. पण पाणाड्याला न बोलावता आधी वही मागून नेली.

उसाचं कांडं
मारलाच ना! असो. मोजा, पण पोरांना विहिरीवर एकटं सोडू नका. आमच्या वाडीच्या विहिरीला कठडाच नाही.