गांधीजींचा 'वध', 'हत्या' की 'खून'? शब्द आणि साधनं सुचवा

शाईचा_डाग:
दिवाळी अंकासाठी ३० जानेवारी १९४८ वर लेख लिहितोय आणि पहिल्याच वाक्यात अडलोय. मी 'हत्या' लिहिलं, मित्र म्हणतो 'वध' कर, संपादिकाबाई म्हणतात वाद नको, 'निधन' घाला. काय ठेवू? आणि भरवशाची साधनं कोणती?

जुनं_कात्रण:
'निधन' नकोच. गोळ्या घालून मारलेल्या माणसाचं निधन कसलं? 'वध' कंसाचा होतो, मेलेला दुष्टच होता हे त्यात आधीच धरलेलं असतं. ज्यांनी तो शब्द वापरला त्यांच्या तोंडी अवतरणात असू दे, तुमच्या वाक्यात नको.

वकीलीणबाई:
कायद्याच्या मराठीत 'सदोष मनुष्यवध' आहे हो, पण सुट्ट्या 'वधा'ला तो अर्थ चिकटत नाही. 'खून' मात्र बिनधास्त लिहा, निकाल लागलेला आहे. खटला चालू असता तर 'खुनाचा आरोप' इथवरच.

साधनांत लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाचा फेब्रुवारी १९४९ चा निकाल घ्याच, पण तिथे थांबू नका. सात जणांना शिक्षा झाली होती, अपिलात उच्च न्यायालयाने त्यातल्या दोघांना सोडलं. पहिलाच निकाल वाचून लिहाल तर सुटलेल्या माणसांना दोषी करून बसाल. आमच्या ज्युनियरने एका टिपणात नेमकं हेच केलं होतं.

शाईचा_डाग:
बापरे, माझ्या कच्च्या मसुद्यात सातच आहेत! आणि या हत्येच्या कटाची नंतर चौकशी केलेला कपूर आयोग?

वकीलीणबाई:
तिथे भले भले घसरतात. सावरकर १९४९ मध्ये निर्दोष सुटले, तो न्यायालयाचा निकाल. १९६९ चा कपूर अहवाल सावरकर आणि त्यांच्या गटावर कटाचा ठपका ठेवतो. पण आयोग शिक्षा देत नाही, निकालही फिरवत नाही. दोन्ही लिहा, कोण काय म्हणालं ते नावानिशी. एकच घेतलंत की तुमचा कल उघडा पडला.

गोळी_मोजणी:
तीन नाही, चौथी गोळीही दुसऱ्या कुणी झाडली म्हणतात, त्याचं काय?

जुनं_कात्रण:
आलं का ते! फेरतपासाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फेटाळली. 'दावा' म्हणून फार तर एक ओळ.

शाईचा_डाग:
आता असं केलंय: '३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीच्या बिर्ला भवनात प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या.' भांडणाचा शब्दच गेला.

जुनं_कात्रण:
झकास. पण मथळ्यात काय घालणार? तिथे 'हत्या'च ठेवा.