हेड ऑफिसमधून पुन्हा शाखेत: ब्रँच मॅनेजर म्हणून सुरुवात कशी करावी?

नमस्कार मंडळी,

बँकेत शाखा सांभाळलेल्यांकडून, आणि कुठल्याही नोकरीत मुख्यालयातून पुन्हा फील्डवर गेलेल्यांकडून सल्ला हवा आहे.

मी सरकारी बँकेत सीनियर मॅनेजर आहे. बरीच वर्षं मुंबईला हेड ऑफिसमध्ये कृषी कर्ज विभागात होते. आता परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी म्हणून बदली झाली आहे. तीही ऐन खरिपाच्या तोंडावर, म्हणजे पीककर्जाची सगळ्यात मोठी गर्दी असते तेव्हा. पूर्वी मी शाखा चालवली आहे, पण ती लहान होती. ही मोठी आहे. बदली मी स्वतः मागून घेतली आहे, कारण मला पुन्हा माणसांसोबत काम करायचं आहे.

हेड ऑफिसमध्ये माझं काम म्हणजे नोट तयार करणं, सर्क्युलर काढणं, झोनल ऑफिसांच्या शंका निस्तरणं. निर्णय कमिटीत व्हायचा, खाली चार सह्या असायच्या. माझ्या हाताखाली म्हणावं असं कुणी नव्हतं. शाखेत समोर माणूस उभा असतो आणि हो की नाही ते तिथेच सांगावं लागतं.

चार्ज घेण्याआधी एक दिवस शाखा बघून आले. कृषी अधिकाऱ्याच्या टेबलाशी एक तरुण सातबारा घेऊन उभा होता. वडील वारले, कर्ज वडिलांच्या नावावर, सातबाऱ्यावर अजून वारसांची नोंद नाही, आणि पेरणी पंधरवड्यावर. "तलाठ्याकडून फेरफार करून आण," एवढंच उत्तर त्याला मिळालं. उत्तर नियमाला धरूनच होतं. पण जुनं खातं कसं मिटवायचं, बहिणींची संमती लागेल का, तोवर बियाण्याचं काय, हे त्याला कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं. त्या अधिकाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्यापुढे वीस माणसं उभी होती. अशा वेळी शाखाधिकाऱ्याने स्वतः त्या टेबलावर जाऊन बसावं का? की त्याने आपल्याच अधिकाऱ्याची पत जाते?

दुसरी काळजी वसुलीची. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राच्या सवलतीने 4 टक्क्यांवर येतं, आणि राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडतं. तरीही 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीनंतर पुढच्या माफीची वाट बघत थांबणारे पुष्कळ आहेत. एनपीएचा, म्हणजे थकून बुडीत धरलेल्या कर्जांचा आकडा कागदावर मी रोज बघत आले. त्याच खातेदाराच्या ओसरीवर बसून बोलणं हे वेगळंच कसब आहे, आणि माझी ती सवय सुटली आहे. शाखेतला जुना हेड कॅशियर तालुक्यातली निम्मी घरं ओळखतो, असं कळलं. वसुलीला त्याला सोबत न्यावं असं मनात आहे, पण त्याचं ते काम नाही. युनियनच्या दृष्टीने ते चालेल का, की फक्त माहिती विचारून थांबावं?

तिसरा प्रश्न स्टाफचा. "हेड ऑफिसच्या मॅडम येतायत" हे आधीच पसरलंय. सर्क्युलर काढणाऱ्यांबद्दल शाखांमध्ये काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात तथ्यही असतं. पहिल्या महिन्यात काही न बदलता नुसतं बघावं, असं एका निवृत्त साहेबांचं म्हणणं. पण हंगाम थांबणार नाही. टोकन पद्धत आणि गावांनुसार वार ठरवून देणं, एवढं तरी पहिल्या आठवड्यात करावं असं मला वाटतं.

सीबीएसच्या, म्हणजे बँकेच्या कोअर बँकिंग संगणक प्रणालीच्या मेनूंवरही हात बसवायचा आहे. व्हाउचर पास करताना ज्युनियर क्लार्कला विचारायला मला संकोच नाही, पण कन्करंट ऑडिटर (चालू व्यवहार तपासणारा लेखापरीक्षक) समोर असताना अडायला नको. जाण्याआधी नेमकं काय गिरवून ठेवावं?

मराठवाड्यात किंवा विदर्भात खरिपात चार्ज घेतलेल्या कुणी पहिले पंधरा दिवस कसे काढले ते सविस्तर लिहिलं तर फार उपयोग होईल. सकाळी तिजोरी उघडल्यापासून संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत तुम्ही स्वतः कुठे बसत होता, तेही सांगा. केबिन मागच्या बाजूला आहे, तिथून काउंटर दिसत नाही.