1 लाख किमी सर्व्हिस, 27 हजार सांगितलेत. तातडीने मदत हवी

घोडबंदर_रोड: गाडी 1 लाखाला टेकली. गॅरेजवाल्याचं एस्टिमेट: ऑईल, फिल्टर, टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व वेळेवर उघडणारा पट्टा), ब्रेक फ्लुइड, कूलंट, गिअर ऑईल, इंजिन फ्लशिंग (आतून धुणं), अंडरबॉडी कोटिंग. गाडी छान चालतेय, कसला आवाज नाही. शनिवारी आईला घेऊन चिपळूणला निघायचंय. आत्ता काय करू, काय नंतर? उद्या सकाळी त्याला कळवायचंय.

नेरुळकर: गाडी कुठली? पेट्रोल की डिझेल? किती साली घेतलेली?

घोडबंदर_रोड: आयटेन पेट्रोल, 2010 चं मॉडेल.

तीन_हात_नाका: आयटेनला चेन असते, बेल्ट नाही! माझी 1 लाख 40 हजार झाली, चेनला हात लावलेला नाही. गॅरेज बदला.

नेरुळकर: सरसकट सांगू नका हो. आयटेनमध्ये दोन पेट्रोल इंजिनं होती. आरसीवर सीसी बघा. 1197 असेल तर चेन, 1086 असेल तर बेल्ट.

जुनं_ते_सोनं: 15 वर्षं झाली ना? आरसी रिन्यू केली का? आरटीओत गाडी दाखवावी लागते, पर्यावरण करही भरावा लागतो.

घोडबंदर_रोड: आरसी झालीये, प्रश्न तो नाही. 1086 लिहिलंय.

नेरुळकर: बेल्ट आधी कधी बदललाय?

घोडबंदर_रोड: गाडी 2017 ला मामांकडून घेतली, 48 हजार किमी झालेली. मी बदललेला नाही, मामांना आठवत नाही.

नेरुळकर: मग बेल्ट बदलल्याशिवाय घाटात जाऊच नका. रबर किलोमीटरने झिजतं तसं वयानेही जातं, आणि तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही. चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन व्हॉल्ववर आदळतो, इंजिनचं हेड उघडावं लागतं. ब्रेक फ्लुइडही आत्ताच. ते हवेतली ओल शोषतं, उतारावर तापून उकळलं की पॅडल खाली जातं. आई सोबत आहे, यात काटकसर नको. कूलंट जुनं असेल तर तेही. गिअर ऑईल परत आल्यावर चालेल. कोटिंग पावसाळ्याआधी कधीही.

तीन_हात_नाका: 1086 चं मला माहीत नव्हतं, माझं म्हणणं मागे घेतो. पण फ्लशिंग काढून टाका. ऑईल वेळेवर बदललं असेल तर त्याची गरज नसते.

वाशीवाला: असं कसं? माझ्या सँट्रोचं दोनदा केलं, इंजिन मखमल झालं.

तीन_हात_नाका: मखमल नव्या ऑईलने झालं. जुन्या इंजिनातला गाळ सुटून ऑईलच्या जाळीत अडकला तर काय कराल?

वाशीवाला: माझ्या गाडीत नाही अडकला.

कोकणकन्या: खोपोली-पाली-वाकणवरून जा, पेणची गर्दी टळते.

नेरुळकर: मूळ प्रश्नाकडे या. एस्टिमेटमध्ये नुसता बेल्ट आहे की तो ताणून धरणारा टेन्शनरही?

घोडबंदर_रोड: आत्ताच फोन केला. टेन्शनर धरलाच नव्हता, आता घालायला सांगितला. फ्लशिंग, कोटिंग रद्द. शुक्रवारी संध्याकाळी गाडी देतो म्हणाला. पण आता क्लच प्लेटही गेलीये म्हणतोय. 1 लाखाला जाते का?

नेरुळकर: किलोमीटरवरून नाही सांगता येत. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन नुसतं ओरडतं आणि वेग वाढत नाही, असं होतं का?