फुटबॉल टीमचा कोच ठेवायचा की काढायचा? आपापले अनुभव टाका

बोरीकर
काल भाचा जेवायला आला होता. बारावीत आहे, मँचेस्टर युनायटेडवाला. (मॅनेजर म्हणजे तिकडचा मुख्य कोच.) पानावर बसल्याबसल्या सुरू, "मामा, मॅनेजर हाकलायलाच पाहिजे, तुला काय वाटतं?" म्हटलं आधी सोलकढी पी. पण माझ्या डोक्यात २०२० सुरू झालं ते रात्री दोनपर्यंत.

३१ जानेवारीला आमच्या एफसी गोवाने कोच लोबेराला काढलं. इंडियन सुपर लीगच्या साखळीचे तीन सामने बाकी आणि आम्ही गुणतक्त्यात पहिले! फोंडा स्टँडवर कदंबाची वाट बघत होतो, ग्रुपवर मेसेज आला. वाटलं कोणीतरी मस्करी करतोय.

आता मीही काही धुतल्या तांदळाचा नाही. २०१९ची फायनल बघायला रेल्वेने अंधेरीपर्यंत गेलो होतो. बेंगळुरूने जादा वेळेत १-०ने मारलं. परतीच्या गाडीत "हा फायनल जिंकून देणारा कोच नव्हे, बदला" असं सगळ्यात मोठ्याने मीच बोलत होतो. महिन्याभरात त्याच माणसाने सुपर कप आणून दिला.

तर त्याला काढल्यावर क्लिफर्ड मिरांडाने टीम सांभाळली. जमशेदपूरला ५-०, साखळीत पहिले म्हणून शील्ड आमची, एशियन चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब. म्हणजे काढलं ते बरोबरच? थांबा. सेमीफायनलला चेन्नईत ४-१ मार खाल्ला. फातोर्ड्याला, घरच्या मैदानावर, आम्ही ४-२ जिंकलो, तरी एकूण ६-५ने बाहेर. बाहेर गाड्यावर रोस आमलेट खाताना कोणी बोलत नव्हतं. गाडेवाल्याने न मागता एक पाव जास्त ठेवला. कोणीतरी "लोबेरा आसलो जाल्यार..." म्हणाला आणि वाक्य तसंच सोडून रस्सा पुसत बसला.

तुमच्या टीमचं काय झालं ते लिहा.

अंधेरी_पश्चिम
हा हा हा. तुमचा लोबेरा आमच्याकडे आला ना! येताना जाहू, फॉल, बुमूस आणि तुमचा मंदार राव देसाई हे खेळाडू पण. एका मोसमात मुंबई सिटीला शील्ड पण आणि ट्रॉफी पण. आणि फायनल कुठे? फातोर्डा! बिपिनचा गोल ९०व्या मिनिटाला. कोविडमुळे स्टेडियम रिकामं, मी घरी, बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले. तोंडावर उशी दाबून ओरडलो.

बोरीकर
चोळा मीठ. त्याच्या आधी सेमीफायनलला आम्हालाच पेनल्टींवर बाहेर काढलंत ते विसरलात की मुद्दाम गाळलंत?

अंधेरी_पश्चिम
गाळलं. तुमचा मान ठेवला.

सातारची_लेस्टरला
मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण २०१६ला लेस्टरमध्ये राहून न कळून चालणारच नव्हतं. लेस्टर लीग जिंकेल यावर ५०००ला १ असा भाव होता म्हणे, आणि जिंकली! कोच रानिएरी आजोबा सगळ्यांचे लाडके, गोल खाल्ला नाहीत तर पिझ्झा देतो म्हणायचे पोरांना. पुढच्या फेब्रुवारीत टीम तळाजवळ घसरली, खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्यापासून फक्त एक गुण वर, आणि गुरुवारी आजोबांना काढलं. नऊ महिने झाले होते जिंकून! आमचे हे ऑफिसातून आले ते डोळे लाल. जेवले नाहीत. भरली वांगी केली होती हो मी.

सोमवारी लिव्हरपूलला ३-१ हरवलं तर हेच सोफ्यावर उभे राहून नाचतायत. मी म्हटलं, अहो, गुरुवारी रडत होता ना? तर म्हणे "तो विषय वेगळा." सासूबाई फोनवर म्हणाल्या, ज्याने लग्न जमवलं त्यालाच पंगतीतून उठवलं होय गं?

कढीपत्ता
सासूबाईंना इथे आयडी काढून द्या.

पेठेतला
आमच्या कोल्हापुरात मॅनेजर बिनेजर नसतोय. कोच हरला की त्याला पेठेत मिसळ खायची चोरी.

शाहू स्टेडियमवरची गोष्ट. आमची टीम तालमीची, तालमीचं नाव घेत नाही, गल्लीत राहायचंय. हाफटाइमला आम्ही ०-१. तीन मोठी माणसं खाली उतरली आणि कोचला म्हणाली, "तुम्ही जरा वर बसा." बसला बिचारा वर, पब्लिकमध्ये, शेंगा खाणाऱ्यांच्या मधी. खाली पाच जण एकदम ओरडाय लागले, एक म्हणतोय पुढं जा, दुसरा म्हणतोय माघारी ये. मी लेफ्ट बॅक, मला कळंना कुणाचं ऐकू. ०-३.

पुढच्या सीझनला तीच माणसं नारळ घेऊन त्याच्या दारात. तो म्हशीला वैरण टाकत होता, वळून पण बघितलं नाही. म्हणला, "आधी माझी शिट्टी परत द्या."

कढीपत्ता
😂😂 शिट्टी!!

तेरावी_रांग
आमच्या मँचेस्टर युनायटेडच्या फर्गसनचं उदाहरण अजून कोणी दिलं नाही? मीच देतो आणि मीच खोडतो. नोव्हेंबर १९८६ला आला, १९८९-९०ला लीगमध्ये तेरावा. त्याच मोसमात एफए कप जिंकला, पहिली लीग थेट १९९३ला, २०१३ला निवृत्त होईपर्यंत १३. बरोबर. पण या एका माणसाच्या नावावर तेव्हापासून आम्हाला "धीर धरा" ऐकवतायत. त्याच्या जागी आलेल्या मोयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांत घालवला, तेव्हा कुठे गेला होता धीर?

माझा राग काढण्यावर नाहीच, वेळेवर आहे. २०२४चं घ्या. लीगमध्ये आठवे, पण मेमध्ये मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप. त्या आनंदात मॅनेजर टेन हागला ठेवला, जुलैत करार वाढवला, उन्हाळ्यात त्याला हवे ते खेळाडू आणले. ऑक्टोबरमध्ये काढला! म्हणजे सामान त्याच्या पसंतीचं आणि स्वयंपाकी दुसरा. नवा मॅनेजर अमोरिम अर्ध्या मोसमात आला, वेगळी पद्धत, शेवटी पंधरावे. काढायचा तर मेमध्ये काढा, नाहीतर वर्षभर गप्प बसा.

चिऊची_आई
माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, पुण्यात फुटबॉलचे स्टड बूट कुठे चांगले मिळतात? धाग्यावर फुटबॉलवाले दिसले म्हणून विचारते.

तेरावी_रांग
पाय वाढतोय, महागाचे घेऊ नका. संध्याकाळी घ्यायला जा, खेळताना घालतो तेच मोजे घालून.

लंडनचा_जावई
मी आर्सेनलवाला. आमचा मॅनेजर वेंगर, त्याला काढा म्हणणाऱ्या "वेंगर आउट"च्या फलकाखाली उभं राहून फोटो काढलेला मी माणूस. २०१८ला घरच्या मैदानावरचा त्याचा शेवटचा सामना, बर्नलीला ५-०, आणि मी हुंदके देतोय. २२ वर्षं हो. माझं लग्न, दोन पोरं, गृहकर्ज, सगळं त्याच्या काळात.

पण @तेरावी_रांग, आमचा नंतरचा मॅनेजर आर्टेटा दोन मोसम लागोपाठ आठवा आला तरी ठेवला. मग तीनदा दुसरा. तेव्हा ठेवण्यात अगदीच राम नाही असं नाही.

तेरावी_रांग
तीनदा दुसरा. बरं.

लंडनचा_जावई
पंधराव्याने बोलू नये.

म्हापशेकार
गोव्याचा धागा आणि आर्मांदबाबचं नाव नाही? धेंपो क्लब, आर्मांदबाब हे एकच कोच, राष्ट्रीय पातळीवरची पाच विजेतेपदं. तुमचा क्लिफर्ड त्यांच्याच हाताखाली खेळून मोठा झाला. वाड्यावरचे म्हातारे अजून वर्षं मोजतात ती त्याच हिशेबाने, "धेंपोन पयलें जिखलें त्या वर्सा" वगैरे.

बोरीकर
खरंय, चुकलंच. भाच्याला हे वाचायला दिलं. म्हणतो, "टॉटनहॅमचं लिही, त्यांनी २०२५ला युरोपा लीगच्या बिल्बाओतल्या फायनलमध्ये आम्हालाच हरवलं, १७ वर्षांनी ट्रॉफी, आणि १६ दिवसांत स्वतःचाच मॅनेजर काढला." सांगताना इतका खूश की विचारू नका. हरले हे, पण समाधान त्यात.

सातारची_लेस्टरला
बोरीकर, सोलकढीला आगळ वापरता की कोकम भिजवून? इथे आगळ मिळत नाही.

बोरीकर
भिजवूनच. कोमट पाण्यात, अर्धा तास. लसूण ठेचून, मिक्सरला नको.

कढीपत्ता
@पेठेतला, शिट्टी दिली का शेवटी परत?

पेठेतला
हरवली हो ती. नवी नेऊन दिली तर म्हणतोय ही माझी न्हवं.