मेकॅट्रॉनिक्स घेऊ का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सीईटी झाली, आता इंजिनीअरिंग प्रवेशाच्या कॅप फेरीचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. बाबांच्या भोसरीतल्या कंपनीत रोबोटचा हात वेल्डिंग करताना पाहिला आणि तिथेच अडकलो. मोटर, सेन्सर, पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), प्रोग्राम, सगळं एकाच मशीनमध्ये! मेकॅट्रॉनिक्समध्ये हेच तर शिकवतात. पण काका म्हणतात, "धड मेकॅनिकल नाही, धड इलेक्ट्रॉनिक्स नाही." (काकांना तसं काहीच पटत नाही, ते सोडा.)

पुण्यात ही शाखा कुणी शिकलंय का? पीएलसी, रोबोटवर स्वतःच्या हाताने काम करायला मिळतं की लांबून बघायचं आणि जर्नल उतरवायचं? प्लेसमेंटला चाकणच्या कंपन्या मेकॅनिकलवाल्यांसोबत बसू देतात का? आणि सरकारी भरतीत ही डिग्री चालते का, हा आईचा प्रश्न. शनिवारी दोन कॉलेजं बघायला जातोय. लॅबमध्ये नेमकं काय विचारू?