'निक ऑफ टाइम' : डॉन कार्टरला कोणी अडकवलं, यंत्राने की त्याच्या प्रश्नांनी?

रातवा

'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला हा सातवा भाग. 18 नोव्हेंबर 1960 रोजी सीबीएसवर दाखवला गेला. लेखन रिचर्ड मॅथेसन, दिग्दर्शन रिचर्ड बेअर. स्टार ट्रेकच्या सहा वर्षं आधीचा विल्यम शॅटनर आणि त्याच्यासोबत पॅट्रिशिया ब्रेस्लिन. अंधश्रद्धेवर पडद्यावर जे काही आलं आहे, त्यात मी हा भाग फार वर ठेवतो. इथे भूत नाही, मांत्रिक नाही, रक्ताचा थेंबही नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात कथा, शेवटासकट. डॉन आणि पॅट कार्टर हे नवविवाहित जोडपं न्यूयॉर्कच्या वाटेवर आहे. ओहायोतल्या रिजव्ह्यू नावाच्या छोट्या गावात गाडी बिघडते, सुटा भाग येईपर्यंत काही तास काढायचे आहेत. कॅफेत टेबलावर 'मिस्टिक सीअर' (गूढ द्रष्टा) नावाचं भविष्य सांगणारं यंत्र ठेवलेलं असतं: कागदी नॅपकिनची पेटी आणि वर डुलणारं सैतानाचं मुंडकं. एक पेनी टाकायची, हो-नाही स्वरूपाचा प्रश्न विचारायचा, चिठ्ठी बाहेर येते. डॉनच्या किल्ल्यांना आधीपासूनच सशाचा पाय आणि चार पानांचं क्लोव्हर लटकतंय. तो बढतीबद्दल विचारतो, 'तुमच्या बाजूने ठरलं आहे' अशी चिठ्ठी येते, ऑफिसला फोन लावतो तर बढती खरंच मिळालेली. मग तीन वाजेपर्यंत इथून हलू नये असा अर्थ तो पुढच्या चिठ्ठ्यांमधून काढतो. पॅटच्या आग्रहाने दोघं बाहेर पडतात आणि तीनच्या ठोक्याला रस्त्यात एका गाडीखाली येता येता वाचतात. डॉन पुन्हा टेबलाशी. शेवटी पॅट त्याला तिथून उठवते. ते जातात आणि आत येतं एक थकलेलं, घाबरलेलं दुसरं जोडपं. आज गाव सोडता येईल का, असं ते यंत्राला विचारतात.

माझा मुद्दा: यंत्राला भविष्य कळतं की नाही, याचं उत्तर मॅथेसनने मुद्दाम दिलेलं नाही, आणि ते दिलं असतं तर भाग पडला असता. पॅटचं म्हणणं हेच आहे की यंत्राला कळत असो वा नसो, तू स्वतःपेक्षा त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतोस का, ते सांग.

खडूफळा

भाग उत्तम आहे, पण तो अंधश्रद्धेविरुद्ध आहे हे मला मान्य नाही. मॅथेसनने फासे आधीच यंत्राच्या बाजूने भरले आहेत. बढती खरी ठरते, तीन वाजताचा धोका खरा ठरतो, गाडीचं काम झालंय अशी चिठ्ठी येते आणि मेकॅनिक दारात उभा राहतो. लागोपाठ तीन. त्या जगात राहणाऱ्या माणसाने यंत्रावर विश्वास ठेवणं ही अंधश्रद्धा कशी? तो पुराव्यावरून निष्कर्ष काढतोय.

शिवाय मालिकेचा कर्ता आणि निवेदक रॉड सर्लिंग याचं सुरुवातीचं निवेदन ऐका. या जोडप्याला एका पेनीत भविष्यात डोकावता येणार आहे, असं निवेदक स्वतः सांगतो. म्हणजे मालिकेच्या तोंडूनच यंत्र खरं आहे. मग पॅटचं भाषण 'खरं असलं तरी बघू नकोस' इतकंच उरतं. तो विवेकवाद नाही, डोळे मिटून घेणं आहे.

समप्रमाण

ते तीन जुळलेले अंदाज वेगवेगळे तपासू या, कारण ते एका वजनाचे नाहीत.

बढतीच्या चिठ्ठीत खरा मजकूर आहे. पण निर्णय तेव्हा झालेला होता आणि डॉन त्याच बढतीची वाट बघत होता. अर्धी-अर्धी शक्यता धरली तरी एक नाणं बरोबर पडलं इतकंच.

'तीन वाजता' हा मजकूर यंत्राचा नाहीच. चिठ्ठ्यांवर कुठेही वेळ छापलेली नाही. वेळ डॉनच्या प्रश्नातून येते, यंत्र मोघम होकार देतं. मधल्या चिठ्ठ्या बघा: 'कदाचित तुम्हाला कधीच कळणार नाही', 'लवकर हललात तर'. पहिल्या चिठ्ठीने धास्तावून त्याने दुसरा प्रश्न विचारला, म्हणून दुसरी चिठ्ठी धमकीसारखी वाटली. तीच चिठ्ठी 'आम्हाला चांगलं घर मिळेल का?' या प्रश्नावर आली असती तर ती शुभ वाटली असती. आणि मेकॅनिक तर दुपारपासून त्याच गाडीच्या मागे होता.

'लागोपाठ तीन' हे तर गणितात टिकतच नाही. फक्त तीन प्रश्न विचारून तिन्ही जुळण्याची शक्यता आठात एक. पण डॉन तीनवर थांबत नाही. समजा बारा प्रश्न विचारले आणि प्रत्येक जुळण्याची शक्यता निम्मी धरली, तर त्यात किमान तीन जुळण्याची शक्यता सुमारे 98 टक्के आहे. जे जुळलं ते लक्षात राहतं, बाकीच्या चिठ्ठ्या टेबलावर पडून राहतात.

अशी खेळणी अमेरिकेत तेव्हा बाजारात होती. 'मॅजिक 8 बॉल' 1950 च्या सुमारास बाजारात आला, तोही ओहायोतल्याच सिनसिनाटीतून. निळ्या द्रवात तरंगणारा वीस बाजूंचा ठोकळा, त्यावर वीस उत्तरं: दहा होकारार्थी, पाच नकारार्थी, पाच 'नंतर विचारा' छापाची. होकार नकारांच्या दुप्पट आहेत आणि चौथा हिस्सा कधीच चुकू शकत नाही. त्याच्या मागच्या मूळ कल्पनेच्या शोधकाचं आडनावही कार्टर. हा योगायोग असेल, पण मला तो आवडतो.

कोकणकडा

इथे एक भेद नजरेतून सुटतोय. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात, आणि त्याला या यंत्राच्या रांगेत बसवायची घाई कोणीतरी करेलच, म्हणून आधीच लिहितो. कौलात गुरव देवाच्या अंगावर उजव्या-डाव्या बाजूला ओल्या पाकळ्या किंवा कळ्या लावतो. कोणती बाजू पडली तर काय समजायचं, ते गाऱ्हाणं घालतानाच सगळ्यांसमोर बोललं जातं. पाकळी पडली की प्रश्न मिटला, माणसं उठतात आणि ठरल्या कामाला लागतात.

सीअरचं नेमकं उलटं आहे. तिथे आधी चिठ्ठी येते आणि अर्थ मागून लावला जातो, म्हणून प्रश्न कधी मिटतच नाही. डॉन एकदा विचारून उठला असता तर काही बिघडलं नसतं. त्याची वाट लागली ती दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पेनीने. विचारणं म्हणजेच गुलामी, असा अर्थ या भागातून काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. खेड्यात वाद चिघळत ठेवण्यापेक्षा सर्वांना मान्य अशा रीतीने तो संपवणं यालाही किंमत आहे.

खडूफळा

कोकणकडा, अर्थ आधी ठरवणं हा मोठा फरक आहे, एवढं निर्विवाद. पण पाकळी किती ओली, किती जड, दगडाच्या कोणत्या उतारावर आणि किती दाबून लावली, यावर ती कधी पडेल ते ठरतं, आणि लावणारा हात माणसाचाच असतो. डावा कौल आला की प्रश्न थोडा फिरवून पुन्हा विचारतात, तेही घडतंच. 'विचारलं आणि उठले' हे आदर्श चित्र झालं. शिवाय ज्याच्याविरुद्ध कौल गेला त्याला दाद मागायला जागा कुठे उरते? वाद संपतो, पण संपतो तो देवाच्या नावावर.

पारवा

सगळेजण तीन वाजताच्या प्रसंगाला योगायोग म्हणून बाजूला ठेवताहेत. माझ्या मते भागातली सगळ्यात बारीक कारागिरी तिथेच आहे.

दोन्ही वाटा बघा. डॉन तीनपर्यंत कॅफेत बसून राहिला असता तर काहीच झालं नसतं, आणि तो म्हणाला असता, 'बसलो म्हणून वाचलो.' तो बाहेर पडला, अपघात होता होता टळला, आणि आता तो म्हणतो, 'ऐकलं नाही म्हणून हे झालं.' दोन्हीकडून श्रेय यंत्रालाच. टाळण्याच्या वागण्यातून सुटणं एवढं अवघड का असतं, ते इथे दिसतं. धोका टाळला की तो मुळात होता का, हे तपासायची संधीच जाते. त्यातून आणखी एक: मनात घड्याळ टिकटिकत असलेला माणूस रस्ता ओलांडताना गाड्यांकडे किती बघेल? त्या प्रसंगाला यंत्र नव्हे, यंत्राची भीती कारण असू शकते, एवढी फट मॅथेसनने ठेवली आहे.

मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनरचा कबुतरांवरचा प्रसिद्ध निबंध 1948 चा. पक्षी काहीही करो, ठरावीक वेळाने दाणे येत राहिले. आठपैकी सहा कबुतरांनी कसल्या ना कसल्या लकबी धरल्या: गोल फिरणं, कोपऱ्याकडे मान झटकणं. डॉनच्या सशाच्या पायाचं स्पष्टीकरण म्हणून हा प्रयोग हमखास पुढे केला जातो, पण तो जपून वापरावा. 1971 मध्ये स्टॅडन आणि सिमेलहॅग यांनी तसाच प्रयोग बारकाईने केला. दाण्यांची वेळ जवळ आली की सगळेच पक्षी साधारण सारखं वागतात, ते दाण्यांच्या अपेक्षेतून येणारं वागणं आहे, योगायोगाने चिकटलेली लकब नव्हे, असं त्यांनी दाखवलं. डॉनलाही हेच जास्त लागू पडतं. तो बढतीच्या प्रतीक्षेत आहे, गाडीच्या प्रतीक्षेत आहे, नव्या संसाराच्या उंबऱ्यावर आहे. रिकामा वेळ आणि टांगलेली अपेक्षा नसती तर त्या पेटीतून त्याने फक्त नॅपकिन घेतला असता.

खडूफळा

डॉन कसा फसतो हे तुम्ही सगळे सुंदर समजावताय. पण वाद इच्छास्वातंत्र्याचा आहे. यंत्र निव्वळ छापील चिठ्ठ्यांचं असेल तर इच्छास्वातंत्र्याची परीक्षा होतच नाही, एक माणूस भ्रमातून बाहेर येतो एवढंच. परीक्षा तेव्हाच, जेव्हा भविष्य खरोखर माहीत असतं आणि तरीही माणूस ठरवतो. खऱ्या द्रष्ट्यासमोर उभं राहून 'आम्हाला वाटेल तेव्हा आम्ही जाऊ' म्हणणारा डॉन मोठा. खोट्या पेटीसमोर तेच म्हणणारा डॉन फक्त शुद्धीवर आलेला. मॅथेसनने दोन्ही दारं उघडी ठेवली आणि त्यामुळे कुठल्याच दारातून तो पूर्ण आत गेला नाही, ही माझी तक्रार.

रातवा

तक्रार मोलाची आहे, पण मला ती पटत नाही. भाकीत आणि हुकूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्या पाऊस पडणार हे शंभर टक्के खरं असलं तरी घराबाहेर पडायचं की नाही, हे पाऊस ठरवत नाही. सीअर अगदी खरा असला तरी त्याच्या चिठ्ठ्यांत 'असं करा' क्वचितच असतं. डॉन प्रत्येक चिठ्ठीचा हुकूम करून घेतो.

दुसऱ्या जोडप्याचे प्रश्न ऐका. गाव सोडलं तर काय होईल, हे ते विचारत नाहीत, सोडता येईल का विचारतात. ती परवानगी आहे. डॉनची घसरण याच उतारावर चालली होती: आधी 'बढती मिळेल का?', मग 'इथे थांबावं का?', मग आम्ही कुठे राहणार हेही हो-नाहीच्या प्रश्नांनी शोधून काढायची तयारी. म्हणून यंत्र खरं की खोटं हे दोन्ही पर्याय उघडे ठेवणं हा कच्चेपणा नाही. दोन्हीकडे निर्णयाची जागा तीच राहते, हे दाखवायचं तर तसंच लिहावं लागतं. सर्लिंगचं शेवटचं निवेदनही बघा, त्यात यंत्राचा उल्लेखच नाही. भीतीने कायमचे बांधले गेलेले दोघं आणि सुटलेले दोघं, बस्स.

निरंजनी

एक गोष्ट कोणीच विचारली नाही. डॉन सुटतो तो स्वतःच्या इच्छेने की पॅटच्या? यंत्राचं ऐकायचं सोडून बायकोचं ऐकलं, तर मालक बदलला, इच्छा कुठे मोकळी झाली? सशाचा पाय तर शेवटपर्यंत त्याच्याजवळच आहे. पुढच्या गावात दुसरी पेटी भेटली आणि तेव्हा पॅट शेजारी नसली तर?

पारवा

निरंजनी, पॅट काय करते ते क्रमाने बघा. 'उठ, चल' हे ती आधी करून बघते, आणि त्यातूनच तो तीन वाजताचा प्रसंग घडतो. आदेश फसतो. मग ती स्वतः प्रश्न विचारून चिठ्ठ्या किती मोघम आहेत ते दाखवते, तेही पुरत नाही, कारण लगेच मेकॅनिक येतो. पुरावाही फसतो. तिसऱ्या वेळी ती त्याला उत्तर देतच नाही, निर्णय त्याच्या हातात ठेवते. कुठे जायचं ते आपण ठरवू शकतो, चुकलं तरी चालेल, असा तिचा सूर आहे. आदेश, पुरावा, जबाबदारी, हा क्रम फार खरा आहे. भीतीत रुतलेल्या माणसाला आकडे दाखवून बाहेर काढायला निघालेल्यांची गाडी बहुधा दुसऱ्या पायरीवरच अडते. सशाच्या पायाचं मात्र तुमचं म्हणणं बरोबर. तो बरा झाला, असं भाग कुठेच म्हणत नाही.

समप्रमाण

दुसरी पायरी अडते, कारण पॅटची चाचणी ढिली आहे. ती प्रश्न विचारते आणि चिठ्ठीचा अर्थही त्या दोघांपैकीच कोणीतरी लावतं. चिठ्ठ्या, कार्ड, पोपट, कशाचीही चाचणी नीट करायची तर अशी करा.

वीस प्रश्न आधी लिहून काढा. प्रत्येकाला मुदत हवी, उदाहरणार्थ सात दिवस, आणि निकाल तिऱ्हाईताला बघता आला पाहिजे. ज्या गोष्टीवर विचारणाऱ्याच्या वागण्याचा परिणाम होतो ती वगळा. 'मी तीनला बाहेर पडू का?' बाद. चिठ्ठी न वाचता पाकिटात घालून क्रमांक टाका. ज्याने प्रश्न पाहिलेले नाहीत त्याने प्रत्येक चिठ्ठीवर 'हो', 'नाही' किंवा 'काहीच नाही' असा शिक्का मारायचा. 'काहीच नाही' म्हणजे चूक, ती अर्धी बरोबर धरायची नाही. निम्म्या चाचण्या इथेच फसतात. मुदत संपली की जुळवणी करा.

मग त्याच वीस चिठ्ठ्या पिसून त्याच वीस प्रश्नांना पुन्हा लावा, असं बरेचदा करा आणि दर वेळी किती जुळतात ते मोजा. हा टप्पा लोक गाळतात आणि मग होकारांनी भरलेलं यंत्र 'सकाळी दूधवाला येईल का?' छापाच्या प्रश्नांवर द्रष्टं ठरतं. मूळ जुळणी पिसलेल्या जुळण्यांपेक्षा वर गेली नाही, तर चिठ्ठीत माहिती शून्य. अंदाजासाठी: नाणेफेकीने वीसपैकी पंधरा किंवा जास्त जुळण्याची शक्यता सुमारे 2 टक्के. खर्च वीस पेनी.

खडूफळा

चाचणी चोख आहे आणि रिजव्ह्यूच्या त्या कॅफेत ती केली असती तर सीअर उत्तीर्ण झाला असता, कारण तिथे चिठ्ठ्या छापखाना ठरवत नाही, मॅथेसन ठरवतो. म्हणून मी अजून तिथेच आहे. रातवा, वीसपैकी वीस जुळले असते तर तुमची पॅट डॉनला काय म्हणाली असती? तिचं भाषण एका शब्दानेही बदललं नसतं असं तुमचं म्हणणं असेल, तर ते खुलं करून लिहा. त्यावर वाद घालायला मला आवडेल.